मॉरिसचं मत

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहील, असं दिल्लीने जाहीर केलं आणि छप्पन सालच्या जानेवारीत गिरणगाव पेटलं. लालबागला गोळीबार झाला, त्यात बुधाजीच्या मुलाच्या, जगदीशच्या, मांडीत गोळी शिरली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल. पण महिनाभर इस्पितळातच राहावं लागेल.

बुधाजी गिरणीत बदली कामगार, कुणी गैरहजर असलं तरच काम मिळणारा. माझगावच्या त्यांच्या चाळीत मराठे होते, कोकणातून आलेली बुधाजीसारखी आंबेडकरी कुटुंबं होती आणि गोदीत कामाला जाणारे किरिस्ताव होते. हरताळाच्या दिवशी सगळी चाळ घरी बसली. एकटा मॉरिस तेवढा डबा घेऊन गोदीवर गेला.

त्या रविवारी चाळ कमिटीची सभा भरली. अध्यक्ष शामराव गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. त्यांनी उभं राहून सांगितलं, "मॉरिसच्या घरावर बहिष्कार. नळावर त्यांचं भांडं लागणार नाही. कुणी बोलायचं नाही."

बुधाजी मागे बसला होता. तो उठला. "मॉरिसला बोलावलंय का?"

"त्याला कशाला बोलवायचं?"

"शिक्षा त्याला, मग त्याचं ऐकायला नको?"

"अरे, तुझ्या पोराला गोळी लागली आणि तू त्याच्या बाजूने बोलतोस?" कुणीतरी ओरडलं.

बुधाजीचा आवाज चढला. "दिल्लीने आपल्याला न विचारता मुंबईचं ठरवलं, म्हणून आपण रस्त्यावर उतरलो ना? मग आपण हे काय करतोय? शामराव, माझ्या बापाने मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं ठरवलं, तेव्हा गावाने आमच्यावर बहिष्कार टाकला होता. वाणी मीठ देईना. तेव्हाही अशीच सभा झाली होती. माझ्या बापाला कुणी बोलावलं नव्हतं."

शामरावांनी ठराव मताला टाकला. मग हात वर झाले. बहिष्काराच्या विरोधात हात होता फक्त बुधाजीचा.

घरी बायकोने, मीराबाईने, त्याच्यापुढे ताट ठेवलं ते आदळूनच. "कळलं मला सगळं. पोरगा तिकडे कण्हतोय आणि तुम्हाला त्या मॉरिसचा पुळका!"

"त्याचा राग मलाही आलाय, मीरा."

"मग?"

"मग काय? राग आला म्हणून त्याच्या लेकरांचं पाणी तोडू?"

ती तणतणत चुलीकडे वळली. दोन दिवस ती नवऱ्याशी धड बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळावर गर्दी होती. मॉरिसची बायको सेसिलिया कळशी घेऊन आली. तिने ती रांगेत ठेवली, तशी एकीने पायाने बाजूला सारली. सेसिलिया तिथेच उभी राहिली. घरात प्यायलाही पाणी उरलं नव्हतं. तिचा चेहरा पाहून दुसऱ्या एका बाईला दया आली. ती म्हणाली, "तू तिकडे लांब उभी राहा. कळशी खाली ठेव. मी वरून ओतते."

मीराबाईचा नंबर लागला होता. तिचा हंडा अर्धा भरला होता. लांब उभी राहा, वरून ओतते. लहानपणी गावच्या विहिरीवर तिने हेच शब्द ऐकले होते, आईचा पदर धरून. तिने हंडा खसकन ओढला आणि सेसिलियाची कळशी नळाखाली ठेवली.

"मीराबाय, काय करतेस? तुझाच पोरगा इस्पितळात आहे ना?"

"माझाच आहे! त्याच्यासाठी रडायचं ते मी रडेन. पण माणसाला लांब उभं करून पाणी वाढायचं, हे या नळावर मी होऊ देणार नाही." ती तिथेच पाय रोवून उभी राहिली. "आणि ठराव कुणी केला? पुरुषांनी. पाणी कोण भरतं? आम्हाला कुणी विचारलं?"

कळशी भरली. सेसिलियाने ती उचलताना मीराबाईचा हात घट्ट दाबला. दुसऱ्या दिवशी सेसिलियाची कळशी रांगेत लागली, तेव्हा कुणी ती सारली नाही.

शामरावांच्या कानावर गेलंच. ते चिडले, पण माणूस सरळ होता. बुधाजीच्या दारात येऊन म्हणाले, "बायकांनी ठराव मोडला. आता एक तर ठराव बदला, नाहीतर दुसरा अध्यक्ष बघा."

पुन्हा सभा भरली. या वेळी मॉरिसलाही बोलावलं होतं. बायकाही आल्या, सतरंजीवर पुढेच बसल्या. मीराबाईने पहिली मागणी केली ती बायकांनाही मत हवं ही, आणि थोड्या कुरबुरीनंतर शामरावांनी ती मानली. मग नवा नियम आला: मत वेगळं आहे म्हणून चाळीत कुणाचं पाणी, संडास, जिना बंद करायचा नाही, तक्रार असेल तर त्या माणसाला समोर बोलावून ऐकायचं. बायकांचे हात पटापट वर गेले. पुरुषांचे रेंगाळत, पण निम्म्याहून जास्त गेले. बहिष्कार उठला.

"मॉरिस, तुला काय सांगायचंय?" शामरावांनी विचारलं.

मॉरिस उठला. "जगदीशला गोळी लागली त्याचं मला लय वाईट वाटलं. तो माझ्यासमोर वाढलाय. पण खोटं नाय बोलणार. मुंबई वेगळी राहावी असं मला वाटतं. आमी किरिस्ताव इथले जुने, मुंबई महाराष्ट्रात गेली तर उद्या आमचं काय होईल, ही भीती हाय."

मागून हुर्यो उठली. "बसवा त्याला!"

"त्याचं होऊ दे!" शामराव ओरडले. "मग ज्याला उत्तर द्यायचं त्याने द्यावं."

मॉरिस पुढे बोलत राहिला. त्याचं संपल्यावर बुधाजी उठला आणि मुंबई महाराष्ट्रात का हवी, मॉरिसने का घाबरू नये, हे त्याने सांगायला घेतलं. दोघांचं काही पटलं नाही. वाद अंधार पडेपर्यंत चालला. शेवटी सेसिलियाच उठली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला गेली.