नव्या कोटाचा वास

मी एक जुनी, आता आतून कोरडी पडलेली अत्तराची कुपी आहे. मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसलो की थोडी बढाई मारतोच. मला मात्र माझी गोष्ट सांगताना लाज वाटते.

हुमनाबादच्या बाजारात व्यंकट मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांनी शेरवान्या शिवल्या. मास्तर कोट शिवायचे. एकदा ते गुलबर्ग्याच्या अत्तरवाल्याला म्हणाले, "मला गुलाब नको, मोगराबी नको. कोऱ्या कापडावर गरम इस्त्री फिरली की वास येतो बघा, तसलं कायतरी द्या." अत्तरवाला पोट धरून हसला. पण दोन महिने खटपट करून त्याने खस आणि चंदन जमवलं आणि मला भरून दिलं.

मास्तरांची एक रीत होती. कोट तयार झाला की कापसाच्या बोळ्यावर माझा एकच थेंब घ्यायचे आणि कॉलरच्या आत अस्तराला टेकवायचे. "वास शेजाऱ्याला न्हाई, घालणाऱ्याला यावा," असं ते म्हणायचे. त्यांचा कोट घातला की माणूस ताठ बसतो, असं लोक बोलत. त्या कौतुकात अर्धा वाटा आपला, असं मी धरून चालले होते. गर्वाचं घर खाली, हे तेव्हा मला कुठलं ठाऊक!

चौसष्ट साली निर्णा गावचा भीमराज दुकानात आला. त्याला हुमनाबादच्या एका शाळेत शिक्षकाची नोकरी लागली होती. त्याच्या वस्तीतला तो पहिलाच शिक्षक. त्याच्या आईने, चांगुणाबाईने, दोन हंगाम लोकांच्या शेतात राबून राखाडी रंगाचं गरम कापड घेतलं होतं. मास्तरांनी माप घेतलं, कापड बेतलं. भीमराजला शाळेत हजर व्हायला चार दिवस उरले असताना कोळशाच्या इस्त्रीतून एक निखारा उडाला आणि नेमका कोटाच्या छातीच्या तुकड्यावर पडला. बोराएवढं भोक पडलं.

तीस वर्षांत मास्तरांच्या हातून कापड जळालं नव्हतं. तसलं दुसरं कापड गावात मिळेना. खरं सांगायची हिंमत होईना. मग त्यांची नजर कपाटातल्या एका राखाडी कोटावर गेली. तो राघोबा शेटचा कोट. शेट आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या बायकोने, राजूबाईंनी, तो कोट मास्तरांकडे आणून ठेवला होता आणि कुणा गरजवंताला द्या म्हणून सांगितलं होतं.

मित्रांनो, चांगल्या कापडाचा जुना कोट उसवून उलटा शिवता येतो. आतली बाजू बाहेर आली की कोट कोरा दिसतो. जुनी काजं रफू करून लपवता येतात. छातीचा खिसा तेवढा डावीकडून उजवीकडे जातो, त्याला इलाज नाही. मास्तरांनी दार लावून दोन दिवसांत तो कोट उलटवला. पण पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा आणि शेटच्या विड्यांचा वास काही हटेना. तेव्हा त्यांनी मला उचललं. एक थेंब नाही, आठ थेंब ओतले. नव्या कोटाचा वास म्हणून मी जन्मले होते, आणि मी मेलेल्या माणसाचा कोट नवा करून दाखवला.

भीमराजने कोट घातला. तो आरशासमोर हरखून उभा राहिला.

"मास्तर, खिसा उजव्या अंगाला कामून?"

"आता अशीच फॅशन हाय," मास्तर म्हणाले.

"असंल, असंल. वास लई झ्याक हाय बगा."

तो माझी स्तुती करत होता, आणि मला बुचाखाली तोंड लपवावंसं वाटत होतं.

आठ दिवसांत माझा वास उडून गेला आणि खालचा वास वर आला. चांगुणाबाईने कोटाची शिवण उघडून पाहिली. जुन्या टाक्यांची भोकं दिसली. ती कोट घेऊन दुकानात आली.

"मास्तर, कुणाचा हाय ह्यो?"

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "राघोबा शेटचा."

"शेट तर गेलं न्हवं?"

"व्हय, अक्का."

चांगुणाबाई खाली बसली. पूर्वी गावात कुणी मेलं की त्याचे कपडे तिच्या वस्तीवर टाकत, आणि ते निमूट अंगावर घालावे लागत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून वस्तीने ते कापड घेणं बंद केलं होतं. थंडीत कुडकुडले, पण घेतलं नाही.

"उघड्यानं राहू म्हनलो, पर मड्याचं कापड न्हाई," ती म्हणाली. "आन तुमी माझ्याच कमाईच्या नावानं ते माझ्या लेकराच्या अंगात घातलं."

मास्तरांनी कपाटातून जळका तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला. तिने भोकात बोट घालून पाहिलं.

"एवढंच व्हय? सांगितलं असतं तर रफू करून घातला असता की! आता ह्याचाच शिवा. भोक दिसलं तर दिसू द्या. आन भीमराजला मी न्हाई सांगनार. तुमीच सांगायचं. त्यो येतोय सनवारी."

मास्तरांनी भोक रफू करून त्याच कापडाचा कोट शिवला. शनिवारी शाळा सुटल्यावर भीमराज आला. मास्तरांनी उभं राहून, हात जोडून सगळं सांगितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर," तो हळू म्हणाला, "आठ दिस त्या कोटात हुबा ऱ्हाऊन मी पोरांना खरं बोला म्हनून शिकवायलोय."

त्याने रफूचा कोट उचलला. मास्तरांचा हात सवयीने माझ्याकडे वळला.

"ती बाटली नका लावू," भीमराज म्हणाला.

त्याने कोट घातला, कॉलर नाकाशी नेऊन हुंगली आणि बटणं लावून निघून गेला.

त्यानंतर मास्तरांनी मला कधी उघडलं नाही. पुढे रेडीमेड कपडे आले, दुकान ओस पडलं, मी बटणांच्या डब्यात वाळून गेले. माझी आबाळ झाली अशी तक्रार मी करत नाही.

मित्रांनो, तुमच्या हातून कुणाचं काही बिघडलं, तर त्याच दिवशी त्याच्याकडे जाऊन सांगा. आणि तुमच्या घरी एखादी अत्तराची कुपी असेल तर तिला जपा. धुतलेल्या कपड्याला तिचा एक थेंब पुरतो. झाकायचं म्हणून तिला कशावरही ओतू नका. तिला नको म्हणता येत नाही.