बाटलीतली सवत

मी एक खवणी. तोंडात दात आहेत, त्यामुळे माझं बोलणं थोडं टोचेल, हे आधीच सांगून ठेवते. गोडच ऐकायचं असेल तर त्या सोड्याच्या बाटलीकडे जा. सगळे तिच्याकडेच जातात.

फिलिपिन्समधल्या कापिझच्या किनाऱ्यावर, कोळंबीच्या तळ्यांना लागून आमचं घर. रेमेहियो त्या तळ्यांचा राखणदार. त्याचं लग्न ठरलं तेव्हा बायकोला द्यायला त्याच्याकडे सोनंनाणं काही नव्हतं. वादळात अंगणातला फणस तेवढा पडला होता. त्या लाकडातून त्याने मला कोरलं. बसायला रुंद पाठ, चार आखूड पाय, पुढे लांब मान आणि मानेच्या टोकाला गावच्या लोहाराने जुन्या जीपच्या पाट्यातून घडवलेलं दातेरी पातं. नवी नवरी दोसिंग घरात आली ती पहिल्याच दिवशी माझ्यावर येऊन बसली.

"घोडी ऐटबाज आहे," ती म्हणाली. रेमेहियो कानापर्यंत लाल झाला.

तळ्याचं पाणी सोडलं की तो बादलीभर कोळंबी आणायचा, मिशा अजून हलत असलेली. दोसिंग माझ्या पाठीवर बसायची, नारळाची कवड माझ्या दातांवर फिरवायची आणि ताटात पांढराशुभ्र कीस पडायचा. पिळून काढलेलं पहिलं जाड दूध ती बाजूला ठेवी. दुसऱ्या पातळ दुधात आलं, लसूण, गवती चहा, भोपळ्याच्या फोडी. मग कोळंबी, सालासकट, डोक्यासकट. डोकं काढून कोळंबी शिजवणाऱ्या घरात आमच्याकडे कुणी पोरगी देत नाही. शेवटी शेवग्याचा पाला, ते जाड दूध, आणि लगेच चुलीतली लाकडं मागे ओढायची, नाहीतर दूध फाटतं.

रेमेहियो डोकी चोखायचा, बोटं चाटायचा, वाडग्यात भात फिरवून तोही पुसून घ्यायचा. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे. कढईनेही मेहनत घेतलेली असायची, पण कढईचं काय, ती कुणाचंही शिजवते. मी फक्त दोसिंगची होते.

असं सगळं सुरळीत चाललं असताना त्यांच्या मुलाने, अर्नुल्फोने, इलोइलो शहरातली मुलगी केली. रोडलिन तिचं नाव. लाघवी, हसरी, सासूला नानाय आणि सासऱ्याला तातय, म्हणजे आई आणि बाबा, म्हणताना मान वेळावणारी. मला ती पहिल्या दिवसापासून खटकली.

"नानाय, आज कोळंबी मी करते," ती म्हणाली.

"कर की. नारळ त्या कोपऱ्यात आहेत."

"नारळ नको. लिंबाचा गोड सोडा आणलाय, तो पुरे."

"सोडा?" दोसिंगने कपाळाला हात लावला. "का गं, कोळंबीला अपचन झालंय होय?"

मी मनातल्या मनात खदखदून हसले. पण माझं हसू फार टिकलं नाही. त्या पोरीने कढईत लोणी सोडलं, त्यात मूठभर ठेचलेला लसूण टाकला, कोळंबी परतली आणि वरून अख्खी बाटली ओतली. फसफस झाली, नाचानाच झाली, पाणी आटलं आणि कोळंबी अशी चकाकायला लागली, जशा जत्रेतल्या बांगड्या. वास तर थेट तळ्यापर्यंत गेला. अर्नुल्फो खुळ्यासारखा हसत भात वाढून घेत होता. आणि ती बाटली? रिकामी होऊन ओट्यावर उभी, कंबर बारीक, अंग हिरवं, जणू काही केलंच नाही. मला घाम गाळून जे जमवावं लागतं ते हिने नुसतं सांडून जमवलं. सवत म्हणतात ती हीच.

दुसऱ्या दिवशी ती बाटली दुकानात परत गेली. मला वाटलं, गेली ब्याद. पुढच्या रविवारी दुसरी आली. नंतर तिसरी. मला धड एका सवतीचा हेवाही करता येईना, प्रत्येक वेळी नवी उभी. दोसिंगने मात्र त्या कोळंबीला बोट लावलं नाही. "गोड मासळी पोरांना," म्हणायची आणि स्वतःसाठी अर्धा नारळ खवायची. आम्ही दोघी एका बाजूला होतो, एवढा मला आधार होता.

मग रेमेहियोने अंथरूण धरलं. खोकल्याने छाती पिंजली होती. त्याची बांबूची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आणली, म्हणजे दोसिंगला काम करता करता त्याच्याकडे बघता येईल. ती रोज नारळ खवायची, रोज त्याला भरवायची. तो दोन घास खायचा आणि मान फिरवायचा.

एका दुपारी दोसिंग माझ्यावर बसलेली, हातात कवड. तेवढ्यात तो खाटेवरून म्हणाला, "रोडलिन, तुझी ती चकचकीत कोळंबी कर की गं. त्यानेच तोंडाला चव येईल."

दोसिंगचा हात माझ्या दातांवर थांबला. ती उठली, ताटातला कीस अंगणात कोंबड्यांपुढे टाकला आणि हात धुतले. मी तर लाकूड, तरी माझ्या आत काहीतरी तडकलं. ज्याच्या हातांनी मला घडवलं, त्याने माझ्यासमोर, माझ्यावर बसलेल्या त्याच्या बायकोसमोर, सवतीचं नाव घेतलं. त्याने ती कोळंबी पोटभर खाल्ली. महिना गेला नाही तोच तो गेला.

त्यानंतर दोसिंग माझ्यावर बसली नाही. तिने मला दारामागे सारलं. एक कोंबडी माझ्या पाठीवर खुडूक बसायला लागली. मी तेही सोसलं.

वर्षदिन आला. वर्षभर अंगावर वागवलेले काळे कपडे त्या दिवशी उतरवायचे, शेजारीपाजारी येऊन प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांआधी गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे त्याच्या आवडीचं ताट ठेवायचं. ताटात कोणती कोळंबी जाणार, यावर सकाळपासून घरात तणातणी.

"नारळातलीच जाईल," दोसिंग म्हणाली.

"पण नानाय, तातय शेवटी शेवटी..." अर्नुल्फो चाचरत म्हणाला.

"तुझ्या बापाला काय आवडायचं हे तू मला शिकवणार?"

तिने कोंबडीला हाकललं, मला पुसलं आणि बसली. तिचा खांदा धरला होता, प्रत्येक फेऱ्याला कळ निघायची. माझ्या दातांवर गंज चढला होता, पण जळफळाटाची धार होती ना! इतका बारीक कीस मी जन्मात पाडला नव्हता. तिकडे रोडलिन मान खाली घालून छोट्या कढईत आपली कोळंबी करत होती. सोड्याची बाटली होतीच शेजारी.

प्रार्थना संपली. प्रार्थना म्हणणाऱ्या सालुद म्हातारीने हाक मारली, "आणा गं ताट." आणि दारात दोघी सासूसुना दोन ताटं घेऊन उभ्या राहिल्या. दोसिंगने सुनेच्या ताटात बोट बुडवून चाटलं.

"मीठ कुठाय?"

"नाही घातलं."

"विसरलीस?"

"मुद्दाम नाही घातलं, नानाय. तातय तळ्याच्या बांधावर त्या न दिसणाऱ्यांसाठी भात ठेवायचे, तो बिनमिठाचा असायचा. मीठ असलं की ते जवळ येत नाहीत म्हणायचे."

सालुद म्हातारीने छातीवर क्रूस काढला. "अगं येडे, ती झाडांवरची भुतं! आपली गेलेली माणसं वेगळी."

दोसिंग फणकारली, "माझा नवरा काय झाडावर राहतो? जन्मभर माझ्या जेवणात मीठ कमी म्हणून कुरकुरला तो. आणि तू त्याला अळणी वाढतेस?"

रोडलिनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मला ते यायला हवे होते, नानाय. मीठ बघून दारातून परत गेले तर? एवढीच भीती वाटली."

आता हे ताट कोंबड्यांपुढे जाणार, म्हणून मी मान ताणून वाट बघत होते. दोसिंग आत आली. तिने रोडलिनची कोळंबी पुन्हा कढईत घातली, चुलीवर ठेवली, बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं, टाकलं, हलवलं. माझ्याइतकीच जळत होती ती, मला दिसत होतं. मग तिने तेच ताट भरलं, स्वतः नेलं आणि फोटोपुढे ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "जन्मभर माझं खाल्लंस. आज तिचं खा. मागितलं होतंस ना."

आणि माझं ताट? ते सालुद म्हातारीला मिळालं. तिच्या तोंडात एकही दात नाही.

पाहुणे जेवायला बसले तशी दोसिंग स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर टेकली. रोडलिनच्या कढईच्या तळाशी दोन-तीन कोळंब्या उरल्या होत्या. तिने एक उचलली, डोकं मोडलं आणि चोखलं. सोड्यातल्या कोळंबीचं, आयुष्यात पहिल्यांदा. रोडलिन दारात श्वास रोखून उभी.

"कशी झालीय, नानाय?"

दोसिंगने साल काढलं, कोळंबी चावून चावून खाल्ली, बोटं पुसली.

"मीठ बरोबर पडलंय," ती म्हणाली.

आता घरात आलटूनपालटून दोन्ही होतात. दोसिंगचा खांदा कामातून गेलाय, त्यामुळे माझ्यावर रोडलिन बसते. आडवीतिडवी बसते, कीस जाड पाडते, पण बसते. ती बाटली ओट्यावरून माझ्याकडे बघत असते आणि मी तिच्याकडे. माझ्या पोटात अजून दुखतं, खोटं कशाला सांगू?

तुम्ही कधी आमच्याकडे जेवायला आलात आणि समोर दोन्ही कोळंब्या आल्या, तर तिचीही खा, माझी ना नाही. फक्त तिची खाऊन बोटं चाटताना माझ्याकडे पाठ करा. ज्याने मला घडवलं त्याला तेवढं जमलं नाही.