सोनूबाईच्या नावाचा डबा

विद्यापीठाच्या कीटक संग्रहात हजारो रातकिडे टाचण्यांवर शहाण्यासारखे बसलेत. माझ्या वाट्याला आलेल्या एकाने मात्र माझ्या नाकी नऊ आणले. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी मला अनोळखी जातीचा नर मिळाला होता, एकुलता एक. गातो फक्त नर, आणि जात ओळखायची ती त्याच्या उजव्या पंखावरच्या बारीक दात्यांवरून. तो पंख नाही, तर माझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरणच नाही.

वाळून कडक झालेला किडा टाचणी लावताना मोडतो. म्हणून आधी बंद डब्यात, ओल्या कापसावर ठेवून त्याला मऊ करतात. संग्रहातली काचेची भांडी कायम कुणीतरी अडवून बसलेलं असतं, त्यामुळे मी घरचाच स्टीलचा डबा नेला. माझा जेवणाचा डबाही त्याच जोडीतला. दोन्हींवर आजीचं नाव कोरलेलं: सोनूबाई. संध्याकाळी घाईत मी कुठला डबा पिशवीत टाकला, हे सांगायला नकोच.

सकाळी गोवंडीच्या घरी ओट्यावर तो डबा लख्ख घासून पालथा घातलेला.

"आजी, यातला किडा?"

"आगं, गारठला व्हता बिचारा! वल्या कापसावर ठिवतात व्हय कुनाला? पाय हलवून बगितला, तर हलला की. मग सोडला कोरफडीच्या कुंडीत."

हलला! मऊ झाल्यावर मेलेल्याचाही पाय हलतो. माझी पार वाट लागली. दुपारी माझ्या गाइड शुभा मॅडम तोच नर बघणार होत्या. रडूच यायला लागलं, आणि आजीवर ओरडायची तर सोय नाही.

कुंडीत मुंग्यांनी फडशा पाडला होता. डोकं नाही, पाय नाहीत. पण मुंग्या पंख खात नाहीत. मातीला चिकटलेला एक पंख मी चिमट्याने उचलला आणि भिंग लावलं. डावा निघाला असता तर संपलंच होतं. उजवा होता! दाते शाबूत. मी त्या कोरफडीला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

तेवढ्यात कुंडीमागून किर्र आवाज आला.

"ऐकलंस? रातभर वरडत व्हता. म्या जगवला त्याला," आजी म्हणाली.

तो आमच्या खिडकीतला नेहमीचा रातकिडा. सांगणारच होते, पण आजीचा चेहरा इतका खुलला होता की माझ्याच्याने बोलवेना.

"हो गं आजी, जगला," म्हणाले आणि पंख गुपचूप पाकिटात सरकवला.

दारातून बाहेर पडते तोच मागून हाक आली.

"रश्मे, तुज्या कालिजात आजून हायत ना? टाचन्या मारल्याले?"

"आहेत."

"मग त्यान्ला बी आन की घरी. येकेक करून जगवू."