माझ्या घशाला हात लावू नका

मी गिटार बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, मध्ये कुणी बोलायचं नाही. आजवर सगळे माझ्याविषयी बोलत आले. कुणी म्हणालं बिघडली, कुणी म्हणालं हिच्या पोटात भुंगा शिरलाय. मी मुकाट्यानं ऐकलं. आता माझी पाळी आहे.

माझा जन्म १९५१ साली कलकत्त्यात, एका गल्लीतल्या सुताराच्या हातून झाला. त्यानं सागवानाची जाड फळी घेतली आणि तिलाच आकार दिला. ही फळी चांदा जिल्ह्यातली, आलापल्लीच्या जंगलातली, असं तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. खरं-खोटं त्याचं तो जाणे, पण मी ते मानते.

मी पोकळ नाही, भरीव आहे. मला मांडीवर आडवं ठेवायचं, डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी कांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवत उजव्या हातानं छेडायचं. तारांच्या खाली माझी एक काळी डबी आहे. तिच्यात चुंबक आहे आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की ही डबी ती थरथर पकडते आणि रेडिओकडे पाठवते. रेडिओच्या पाठीत ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असतात ना, तिथून मी आत शिरते आणि रेडिओच्या तोंडून गाते. त्या डबीला लोक कॉइल म्हणतात. मी तिला घसा म्हणते.

मला बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीत आणलं ते पेरेरा साहेबांनी. ते गार्ड होते. त्यांच्या क्वार्टरात वीज होती, आणि तिथं मला रेडिओला जोडलं की सुरांच्या मागं एक बारीक भुणभुण चालू व्हायची. साहेबांना तिचं काही वाटत नसे. एकदा मात्र ते मला मोहर्लीकडच्या जंगलातल्या डाकबंगल्यावर घेऊन गेले. तिथं वीज नव्हती. त्यांनी मला बॅटरीवरच्या रेडिओला जोडलं आणि काय सांगू, भुणभुण नावालाही नाही! त्या दिवशी मला कळलं की भुणभुण माझी नाहीच. ती विजेच्या तारांची आहे, आजूबाजूला विजेवर फिरणाऱ्या मोटारींची आहे. माझा घसा तेवढा तीक्ष्ण आहे, सगळं ऐकतो. साहेबांनी मात्र त्या दुपारी बीअर घेतली होती, त्यांच्या काही ध्यानात आलं नाही.

स्टेशनवर वारलू नावाचा बत्तीवाला होता. दिवसा कंदिलांच्या काचा पुसायचा आणि पुसता पुसता साहेबांच्या खिडकीखाली येऊन उभा राहायचा. हा वारलू चिचखेड्याचा, तिथल्या दंडारीतला बासरीवाला. दंडार म्हणजे झाडीपट्टीतलं नाचगाणं आणि सोंगं. दिवाळीनंतर गावची मंडई भरते, तिच्यात ती भर दुपारी रंगते. वारलूची बासरी लागली की बाया हातातली खरेदी टाकून मैदानाकडे धावायच्या म्हणे. मग तो आरागिरणीत कामाला लागला आणि डाव्या हाताची मधली दोन बोटं करवतीनं नेली. भोकं झाकायला बोटं नाहीत, तिथं बासरी कसली वाजणार? दंडारीत सूर धरणाऱ्याची एक ठरलेली जागा असते, ढोलकीच्या उजवीकडे. ती जागा त्या वर्षापासून रिकामी राहिली.

पेरेरा साहेबांनी एक दिवस त्याला आत बोलावलं, त्याचा हात उलटसुलट करून पाहिला आणि अंगठा नि पहिल्या बोटाच्या मध्ये माझी कांडी ठेवली. ती बसली! वारलूनं ती तारेवरून सरकवली आणि बासरीत काढायचा तशी लांब मींड काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं होतं, लाकूड आहे म्हणून लपलं. १९५७ साली साहेब देश सोडून गेले, तेव्हा जाताना मला त्याच्या मांडीवर ठेवून गेले.

आता माझ्या छळाची गोष्ट ऐका.

चिचखेड्याच्या दंडारीचे प्रमुख मुखरूभाऊ. ते बल्लारशाच्या बाजाराला आले, तेव्हा मला ऐकवायला वारलूनं त्यांना शफीभाईंच्या दुकानात नेलं. शफीभाई मोटारी-पंख्यांच्या कॉइली गुंडाळायचे, रेडिओ दुरुस्त करायचे. दुकानात चार मोटारी घरघरत असायच्या आणि भिंतीपलीकडे पिठाची चक्की. अशा ठिकाणी मला रेडिओला जोडलं! मी भुणभुणले नसते तरच नवल.

मुखरूभाऊंनी नाक मुरडलं. "हा बाजा हाये का भुंग्याचं पोळं? मंडईत हा आणला त लोक हसतीन, वारलू. मी कोलूले सांगून ठेवलं हाये. तो पेटी घेऊन तयारच हाये."

"मुखरूभाऊ, मंडईपर्यंत थांबा," वारलू म्हणाला. "तोवर मी हिले नीट करतो. माह्या जागेवर कोणाले बसवू नका."

शफीभाईंनी माझ्याकडे डॉक्टरासारखं पाहिलं. "हे कॉइलच बदमाश आहे. बदलून टाकू."

झालं! विचारपूस नाही, तपासणी नाही, एकदम घसाच कापायचा. मी ओरडून सांगत होते की अहो, ती चक्की बंद करा, त्या मोटारी बंद करा! पण माझं ओरडणं त्यांना भुणभुणच वाटत होतं.

मग सुरू झाली नव्या घशाची निवड. पहिल्यांदा शफीभाईंनी एका जुन्या टेलिफोनच्या कानातली कॉइल काढून तारांखाली चिकटवली. माझा आवाज असा काही निघाला की वारलूची बायको गुणाबाई म्हणाली, "हे गाणं नाई, हे त सर्दी झालेली बकरी हाये." ती कॉइल निघाली. मुंबईच्या एका दुकानाच्या पुस्तकात परदेशी कॉइल होती, पण ती यायला संक्रांत उजाडणार होती.

शफीभाईंना मात्र एका रेडिओच्या मासिकात वाचलेली युक्ती आठवली. एका कॉइलऐवजी दोन घ्यायच्या, शेजारी शेजारी. एकीचे वेढे सुलटे, दुसरीचे उलटे, चुंबकही उलटसुलट. मग बाहेरची भुणभुण एकीतून जाते तशीच दुसरीतून उलटी जाते आणि दोघी मिळून तिला मारून टाकतात. तारांचा सूर तेवढा शिल्लक राहतो. युक्ती हुशारीची होती, मी नाकारत नाही. त्यांनी बायकोच्या, अमिनाभाभींच्या शिलाई मशीनच्या चाकावर ती बारीक तार तीन दिवस गुंडाळली. चार वेळा तुटली. चारही वेळा ते पहिल्यापासून बसले.

जोडगोळी तयार झाली. माझा घसा स्क्रू काढून बाजूला ठेवला आणि ती तिथं बसवली. चक्की चालू, मोटारी चालू, आणि भुणभुण खरंच गेली. पुन्हा बाजाराला आलेले मुखरूभाऊ खूश झाले. "आता कसा माणसात आला! आण मंडईले. जागा तुही."

वारलू वाजवत राहिला. त्यानं ती लांब मींड काढली, पुन्हा काढली, तिसऱ्यांदा काढली. सूर बरोबर होता, पण जाडजूड गोधडीखालून यावा तसा येत होता. वरचं टोक, बासरीत ओठ सुटताना जो बारीक श्वास ऐकू येतो ना, तो कुठंच नव्हता.

गुणाबाई दारात उभी होती. "काऊन हो, मन नाई लागून राह्यलं?"

"गुणा, यात माही बासरी नाई."

"मले बी नाई ऐकू आली."

वारलूनं कांडी खाली ठेवली. "शफीभाई, जुनी बसवा."

शफीभाईंचा चेहरा पडला. तीन दिवसांची मेहनत! मुखरूभाऊ तर तडकलेच. "भुणभुण घेऊन आला त मी तुले बसू देनार नाई, सांगून ठेवतो. कोलू बसन तुह्या जागेवर!"

"बसवा त्याले. पण मी येईन त हाच आवाज घेऊन येईन. बोटं गेली तेव्हा मी काई बोललो नाई. हे नाई जाऊ देनार."

शाब्बास रे माझ्या वाघा! त्या क्षणी माझ्या सहाही तारा न छेडता झणझणल्या. जागा जायची होती, चारचौघांत हसं व्हायचं होतं, तरी तो माणूस माझ्या बाजूनं उभा राहिला. शफीभाईंनी जुना घसा बसवला. नवी जोडी कागदात गुंडाळून एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली आणि वारलूच्या हाती दिली. "ठेवा. मंडईत लाज गेली तर तिथंच बदलून देईन. मी पण येतो."

मंडईच्या दिवशी आम्ही बैलबंडीतून चिचखेड्याला पोचलो. मोहाच्या झाडाखाली मैदान, त्यात ढोलकी, आणि ढोलकीच्या उजवीकडे पोतं अंथरून खुद्द मुखरूभाऊ बसलेले, शेजारी पेटी घेऊन कोलू. वारलूला त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. वारलू समोरच मातीत बसला, मला मांडीवर घेतलं. ग्रामपंचायतीचा बॅटरीवरचा रेडिओ टेबलावर होता. शफीभाईंनी मला त्याला जोडलं, बटण फिरवलं आणि कान ताठ करून भुणभुणीची वाट बघू लागले.

काही नाही.

त्यांनी आवाज आणखी वाढवला. तरी काही नाही. "रेडिओ मेला वाटते," ते पुटपुटले, आणि तेवढ्यात वारलूनं कांडी सरकवली.

मी गायले. कशी गायले ते मीच सांगणं बरं दिसत नाही, पण सांगते. मैदानात बांगड्या भरणाऱ्या बायांनी कासाराच्या हातातून हात ओढून घेतले. "वारलूची बासरी!" कुणीतरी ओरडलं. बासरीतला तो श्वाससुद्धा जसाच्या तसा होता.

शफीभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! चक्की कुठी आहे इथी? मोटर कुठी आहे? गावात करंटच नाई, तर भुणभुण कुठून येईन? कॉइल बिचारी साफ आहे. बदमाश त माझं दुकान आहे!"

"मंग हे आधी काऊन नाई सांगतलं?" मुखरूभाऊ त्यांच्यावरच खेकसले.

मी रोज सांगत होते, मुखरूभाऊ. पण असो.

मग ते उठले, आपल्या बुडाखालचं पोतं ओढलं, झटकलं आणि ढोलकीच्या उजवीकडे पुन्हा नीट अंथरलं. "ये, बस," एवढंच म्हणाले. कोलूनं हसत पेटी मागं घेतली.

याला दोन वर्षं झाली. मी चिचखेड्याला वारलूच्या घरात खुंटीवर असते, आणि मंडईत त्या पोत्यावर. सुखात होते. पण परवा गावात वीज खात्याचा ओव्हरसियर आला. चिचखेड्याला वीज येणार. आनंदच आहे, पोरं उजेडात शिकतील, कुणाला नको आहे? पण त्यानं पहिल्या खांबासाठी चुन्याची खूण केली ती कुठं? बरोबर मोहाच्या झाडाखाली, ढोलकीच्या उजवीकडे.

गुणाबाई पुढं झाली. "साहेब, खांब सरकवा. इथी माह्या मालकाचा बाजा वाजते. तुमच्या तारा आल्या त तो भुणभुण करन."

ओव्हरसियर हसला. "बाई, बाजा दुरुस्त करून घ्या. नवी कॉइल बसवा."

शफीभाईंच्या जोडीचा तो बिस्किटाचा डबा तर घरातच होता, खुंटीखाली. मी श्वास रोखला.

"बाज्यात काई बिघाड नाई," गुणाबाई म्हणाली. "आणि खांब अजून गाडलाच कुठी हाये?"

मुखरूभाऊ घरी गेले, तेच पोतं घेऊन आले, चुन्याच्या खुणेवर अंथरलं आणि मांडी ठोकून बसले. त्यांच्या शेजारी कोलू बसला, मग वारलू मला घेऊन. आज तिसरा दिवस. भाकरीसुद्धा इथंच येते.

माणसांनो, मी म्हातारी होईन, तारा गंजतील, त्या खुशाल बदला. खुंट्या झिजतील, त्या बदला. पण ज्यानं मी ऐकते आणि ज्यानं मी गाते, तो घसा माझा आहे. तुमच्या खांबांना तो सोसत नसेल तर खांबांनी बाजूला व्हावं.

आत्ताच ओव्हरसियरनं चुन्याची पाटी उचलली आहे. टोपी मागं सारून तो मोहाच्या झाडापासून पावलं मोजत चाललाय. वीस झाली. तो थांबून मागं बघतो. मुखरूभाऊ पोत्यावरून हलत नाहीत, नुसता हात हलवतात.

अजून, साहेब. अजून थोडं लांब.