पाच आठवडे बिनलसणाचे

अंतराळस्थानकावर सकाळ झाली की नाही, हे घड्याळाला विचारायचं. खिडकीला विचारून उपयोग नाही. तिथे दिवसातून सोळा वेळा उजाडतं. घड्याळात सहा वाजले की शेन पेइयुन झोपायच्या कपाटातून तरंगत बाहेर यायची, पाय पट्ट्यांत अडकवायची आणि आईचं गाव खाली जिकडे असेल असं वाटे, तिकडे तोंड करून हात जोडायची. मग कोवळ्या सॅलडच्या ट्रेला पाणी. मग न्याहारी.

सगळं अडलं होतं ते त्या न्याहारीपाशीच.

पाच आठवड्यांपूर्वी च्वानचौला तिची आई अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. भावानं कळवलं तेही ऑपरेशन झाल्यावर. चारशे किलोमीटर उंचावरून लेक आईचे पाय कसे चेपणार? पेइयुननं त्याच दिवशी नियम धरला. आई स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत मांस, अंडं, कांदा, लसूण बंद. आई चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला असंच जेवायची, चाळीस वर्षं. महिन्यातून दोनदाचं ते लेकीनं रोजचं केलं.

पण वरचं जेवण वर्षभर आधी ठरलेलं असतं. तिनंच एकेक पदार्थ चाखून पसंत केला होता: शेंगदाणे घातलेली कोंबडी, लसणीच्या रश्श्यातलं डुकराचं मांस, मिरी घातलेलं गोमांस. आता त्यातलं काहीच चालेना. उरला कोरा भात, सफरचंदाच्या फोडी, ट्रेमधली चार पानं आणि लाल बोरांच्या वड्या, त्याही मोजक्याच.

त्यात प्रत्येक पाकीट उघडण्याआधी यंत्राच्या लाल उजेडासमोर धरायचं असतं. बीप वाजला की कुणी काय खाल्लं ते खाली केंद्रात नोंदलं जातं. नियमाची गोष्ट चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. म्हणून ती पाकीट आपल्या नावावर बीप करायची आणि मो जियाचेंगकडे ढकलून द्यायची. मो स्थानकावरच्या तिघांत धाकटा, तेहतिशीचा, खाण्यात पक्का. गुपित एकट्या त्यालाच ठाऊक होतं. हवेत तरंगत येणारं पाकीट झेलत तो म्हणायचा, शेनताई, पुण्य तुमचं आणि ढेकर माझी.

दर सोमवारी वजन. तिथे काट्यावर उभं राहून भागत नाही. एक यंत्र पट्ट्यानं माणसाला ओढतं आणि त्यावरून शरीराचा भार काढतं. पेइयुनचा तीन किलोनं उतरला, मोचा दोन किलोनं चढला. खालून डॉक्टर क्वाननी मोला झापलं आणि धावपट्टीवर रोज अर्धा तास जास्तीचा लावला. मो बिचारा निमूट धावला. घाम पुसताना एवढंच म्हणाला, की सख्ख्या आजीसाठीसुद्धा तो इतका कधी पळाला नव्हता.

बारा दिवसांवर स्थानकाबाहेर पडायचं काम आलं होतं. जुनी केबल बदलायला पेइयुन आणि मो जाणार होते. या दिवसासाठी तिनं अकरा वर्षं सराव केला होता. बाहेर जाणाऱ्याच्या वजनाची एक खालची रेघ असते, आणि ती रेघेच्या दीड किलो खाली होती.

त्या सोमवारी डॉक्टरांनी तिला एकटीला बोलण्याच्या वाहिनीवर घेतलं. ते रागावले नव्हते, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. ते म्हणाले, नोंदीप्रमाणे तुम्ही सगळं खाता आणि तरी झिजता, म्हणजे अन्न अंगी लागत नाहीये. मला आजाराची भीती वाटते. रक्त तपासू. शंका खरी ठरली तर तुम्हा तिघांना लवकर खाली आणावं लागेल. यान एकच, एकट्यानं उतरायची सोय नाही.

ती बाहेर आली तेव्हा लाओ च्यू हवेच्या जाळीवरची धूळ यंत्रानं ओढून काढत होता. तो तिघांचा प्रमुख, चोपन्न वर्षांचा. ही त्याची शेवटची फेरी. तिचा चेहरा पाहून त्यानं यंत्र बंद केलं.

"कचरा मी बांधतो, पेइयुन," तो म्हणाला. "तू रिकामं पाकीट गुंडाळतेस, मो चौकोनी घडी घालतो. पाच आठवडे झाले, भात-फळांची सोडली तर सगळ्या घड्याच आहेत."

"मग विचारलं का नाहीत?"

"वाटलं, सांगशील."

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, की मला सांगून अर्धंच काम झालं. ती तशीच मागे वळली आणि तिनं डॉक्टरांना परत बोलावलं.

डॉक्टर क्वाननी आधी सगळं लिहून घेतलं. खोट्या नोंदीची गोष्ट मला वरिष्ठांना कळवावी लागेल, म्हणाले. पण आजार नाही, तेव्हा तिघांपैकी कुणी लवकर उतरणार नाही. उरलं बाहेरचं काम. पोटभर जेवलात तर बारा दिवसांत रेघ गाठाल, भात-बोरांवर नाही गाठणार.

"तुमचा नियम मोडा असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "मला फक्त हाताची पकड मोजता येते. ती कमी झालीय."

दोन दिवस तिला काही ठरवता येईना. बुधवारी घरच्यांशी बोलायची वेळ आली. पडद्यावर आई खुर्चीत टेकून बसली होती, बाजूला चालायची चौकट. मागे तुझं तोंड भाकरीसारखं फुगलं होतं, आज हाडं दिसतायत, आई म्हणाली. मग लपवण्यात अर्थ नव्हता; नियम, मो, बाहेरचं काम, तिनं सगळं सांगितलं.

आई आधी चिडली. माझ्या पायांसाठी नियम धरताना मला विचारलं होतंस का, म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला.

"तू पोटात होतीस तेव्हा माझं रक्त कमी झालं होतं. नेमकी पंधरावी तिथी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच कलेजी खा. मी क्वानयिन देवीपुढे उभी राहिले. म्हटलं, हा नियम तुझ्या पायाशी ठेवते, पोर सुखरूप झालं की उचलते. आणि खाल्लं."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलायचं काय त्यात? बाहेर त्या मोचा दोर नीट अडकवलाय की नाही, ते कोण बघणार?"

"मी."

"त्याची आई कुठे असते?"

"हुनानला."

"मग तिच्यासाठी जेव. माझ्या पायांचं मी बघते."

बोलणं संपल्यावर पेइयुन ट्रेजवळ पानांशी थांबली. पाय पट्ट्यांत अडकवून तिनं हात जोडले आणि आईनं ठेवला तसाच आपला नियम देवीच्या पायाशी ठेवला. मग तिनं लसणीच्या रश्श्याचं पाकीट काढलं. बीप वाजला. सवयीनं मोचा हात पुढे आला.

"हे माझं," ती म्हणाली.

"लागलेली सवय मोडताय, शेनताई," तो म्हणाला, पण डोळे मात्र हसत होते. वर जिभेची चव मंदावते म्हणतात. तिला मात्र पहिल्याच घासाला लसणीचा ठसका लागला.

अकराव्या दिवशी ती रेघेच्या दोनशे ग्रॅम वर निघाली. त्यातले शंभर न कापलेल्या केसांचे, असं लाओ च्यूचं मत पडलं. मोचा जास्तीचा अर्धा तास रद्द झाला. खोट्या नोंदीबद्दलचं पत्रही त्याच दिवशी आलं: उतरल्यावर जबाब द्यायचा. तिनं ते दोनदा वाचलं आणि 'मान्य' लिहून पाठवलं.

बाराव्या दिवशी ती दोघं सहा तास बाहेर होती. मोच्या दोराचा आकडा तिनं प्रत्येक वेळी स्वतः ओढून पाहिला. चौथ्या तासाला बोटं भरून आली, पण पकड सुटली नाही.

आई अजून उभी राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी पेइयुननं पहाटे नियम पुन्हा उचलला, आणि या वेळी खाली केंद्रात तसं कळवूनही टाकलं. दुपारी तिच्यापुढे भात होता. मोनं आपली बोरांची वडी तिच्याकडे ढकलली.

लाओ च्यूनं मान वर केली. "मो, दोघं पुन्हा तेच सुरू करू नका."

"नाही हो." मोनं बोलण्याचं बटण दाबलं आणि खाली सांगितलं, की मो जियाचेंगनं आपली बोरांची वडी शेन पेइयुनला दिली आहे, तिच्या नावावर घ्या.

"नोंद केली," खालून डॉक्टर क्वानचाच आवाज आला. "आईची तब्येत कशी आहे?"

"उद्या चौकट धरून उभी राहून बघणार आहे," पेइयुन म्हणाली, आणि वडीचं पाकीट तिनं उजेडासमोर धरलं.