गिरणीशेजारचा गाळा

इंदापूरच्या बाजारात मोठं किराणा दुकान असलेल्या इब्राहिमभाई तांबोळींच्या शब्दाला वजन होतं. कुणाला नवं दुकान टाकायचं असलं की तो आधी त्यांच्याकडं यायचा. इब्राहिमभाई रस्त्यावर उभे राहून दोन्हीकडं नजर टाकायचे आणि म्हणायचे, "टाक हितं. चालंल." आणि बहुतेक वेळा ते चालायचंही. म्हणून पुण्याला आहारशास्त्र शिकून आलेल्या त्यांच्या लेकीनं, अंजुमनं, बारामतीत दुकान काढायचं ठरवलं तेव्हा जागेची काळजी त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

दुकान मात्र वेगळं होतं. अंजुमच्या आईला, ताजबींना, साखरेचा आजार जडल्यापासून घरात नाचणीचं सत्त्व, भाजलेलं जवस, मेथी घातलेलं मिश्र पीठ असं काहीबाही व्हायला लागलं होतं. शेजारीपाजारी मागून न्यायचे. सत्त्याण्णव साल होतं. उसाच्या त्या मुलखात गोड बंद झालेली माणसं घरोघर निघत होती, आणि त्यांनी खायचं तरी काय, हे सांगणारं दुकान कुठंच नव्हतं.

"एसटी स्टँडसमोर," इब्राहिमभाईंनी निकाल देऊन टाकला. "सगळा तालुका तितंच उतरतो."

"मला दवाखान्याजवळ बरं वाटतंय, अब्बा. डॉक्टर पथ्य सांगणार, माणूस बाहेर येणार, की समोर आपण."

"मग तसं. हिंदुरावांचा गाळा मोकळाच हाय तितं."

"थांबा की. तुमचंबी वाटणं, माझंबी वाटणंच. आधी बघू."

बघू? इब्राहिमभाईंना ते लागलं. पण लेक ऐकणारी नव्हती. तिनं भाड्यानं हातगाडी घेतली. आठवडाभर स्टँडवर, आठवडाभर दवाखान्यासमोर आणि आठवडाभर नोकरदारांच्या वसाहतीतल्या फुलाबाईंच्या पिठाच्या गिरणीपाशी उभं राहायचं ठरवलं. ताजबींनी शिंप्याकडच्या चिंध्यांतून पिशव्या शिवल्या. स्टँडसाठी लाल, दवाखान्यासाठी पांढऱ्या, गिरणीसाठी पिवळ्या. माल त्यातूनच द्यायचा आणि सांगायचं, रिकामी पिशवी परत आणली तर मूठभर जास्त मिळंल. कुठलं गिऱ्हाईक पुन्हा येतं, ते रंगावरून कळणार होतं.

मोठ्या दुकानाचा मालक हातगाडीशेजारी उभा, हे पहिल्या दिवशी इब्राहिमभाईंना फार जड गेलं. पण स्टँडवर माल बघता बघता उडाला आणि त्यांची मान ताठ झाली.

"बघितलंस? मी काय म्हणत होतो?"

"बघितलं. आता पिशव्या येऊ द्या."

लाल पिशव्या आल्याच नाहीत. बसची वाट बघत उभी असलेली माणसं ती. चव म्हणून घेतलं नि गाडीत बसून गेली.

दवाखान्यासमोर मात्र रंग वेगळाच दिसला. माल खपला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पिशव्या हातात घेऊन माणसं परतही आली. अंजुमचा चेहरा उजळला. लेकीचंच खरं ठरलं म्हणून इब्राहिमभाईही सुखावले. त्यांनी तडक जाऊन हिंदुरावांना गाळ्याचा शब्द देऊन टाकला.

परत येताना ते दवाखान्यावरून आले. आवारात मंडपाचे बांबू उतरवत होते. "काय होतं हो?" त्यांनी विचारलं. डोळ्यांचं शिबिर होतं, आठवडाभर. आज संपलं.

इब्राहिमभाई तिथंच थबकले. म्हणजे ती माणसं परत आली, कारण ती तिथंच अडकून पडली होती! आता रुग्ण नि त्यांचे नातेवाईक आपापल्या गावी जाणार. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पोरगी खूश आहे, आपण शब्द देऊन बसलो आहोत. पण किराणा विकताना त्यांनी कधी पोत्यातला खालचा माल वर काढून दाखवायचा टाळला नव्हता. घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं.

अंजुमनं परत आलेल्या पांढऱ्या पिशव्या पुढ्यात ओढल्या. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या मनासारखं दिसलं, म्हणून मी लगेच मानलं."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गाडी घेऊन दवाखान्यासमोर गेली. माल खपला तसा खपला, पण पांढऱ्या पिशव्या थांबल्या. रोज नवी माणसं, रोज नवी गावं.

मग गिरणीची पाळी आली. तिथं विक्री सगळ्यांत कमी.

"हितं कोण घील?" इब्राहिमभाई पुटपुटले. "दळणाला येणारा आपलंच धान्य आणतो."

पण बायका नाचणी, मेथी घ्यायच्या आणि उभ्या उभ्या आपल्या गव्हाच्या डब्यात ओतून दळायला द्यायच्या. पीठ संपलं की दळण आलंच, आणि दळणासोबत पिवळी पिशवीही आली.

"मूठभर जास्तीसाठी येत असतील," इब्राहिमभाई म्हणाले. आता त्यांनाही खोट शोधायची गोडी लागली होती.

अंजुमनं जास्तीची मूठ बंद केली. पिवळ्या पिशव्या येतच राहिल्या. एका निवृत्त मास्तरांनी तर शेजाऱ्याचीही बरोबर आणली.

"अब्बा, दवाखान्यापुढची जागा नको," अंजुम म्हणाली. "मला आवडलेली होती, पण नको. पुन्हा बघितलं ते बरं झालं, आणि ते तुमच्यामुळं."

हिंदुरावांकडं जायला इब्राहिमभाई एकटेच निघाले. दिलेला शब्द त्यांनी आजवर मागं घेतला नव्हता.

"पोरीच्या पिशव्यांपायी मला न्हाय म्हनता?" हिंदुराव तडकले.

"व्हय. शब्द देण्याची घाई माझी, बोल मला लावा. पर हिंदुराव, मनात भरलेली जागा तिनं स्वतःच तपासली आणि स्वतःच सोडली. त्याला छाती लागती. आपल्या दोघांत एवढी न्हाय."

हिंदुरावांनी त्यांच्याकडं खुर्ची सरकवली. मग चहा मागवत म्हणाले, "तसं आसंल तर माझ्या गाळ्यात काय चालंल, तेबी बघून सांगा म्हनावं तिला."

दिवाळीच्या आधी गिरणीशेजारचा गाळा उघडला. फुलाबाईंनी नारळ फोडला, ताजबी पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसल्या. दुसऱ्या महिन्यापासून अंजुमला मदतीला एक बाई ठेवावी लागली.

एकदा निमगाव केतकीचे सोमनाथराव, जुने व्यापारी, इब्राहिमभाईंना गिरणीच्या रस्त्यावर गाठून म्हणाले, "भाई, थोरल्याला दुकान काढून द्यायचंय. चला, जरा जागा दाखवा."

"मी आता दाखवत न्हाय," इब्राहिमभाई म्हणाले. त्यांनी टोपी सारखी केली आणि रस्त्यापलीकडं, गिऱ्हाइकाशी बोलत उभ्या असलेल्या लेकीकडं बोट केलं. "तिला इचारा. पर घाई करू नका. ती आधी तुमचं सगळं खोडून बघंल, मग सोताचं. शेवटी जे उरंल, तितं डोळं झाकून दुकान टाका."