दोन बोटं खाली

"उजवा हात वर करा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तो खिशात आहे," मास्तर म्हणाले.

"मग बाहेर काढा की."

मास्तरांनी बायकोकडे पाहिले. बायकोने छताच्या पंख्याकडे पाहिले. हात बाहेर येणार नव्हता, कारण तो येऊ नये म्हणूनच तो खिसा शिवला होता.

शिवणाच्या धंद्यात मास्तरांचा एक नेम होता. गिऱ्हाइकाचे व्यंग तोंडाने बोलायचे नाही. कुणाला पोक असे, कुणाचा खांदा पडलेला असे. माप घेताना फरक जितक्या बोटांचा, तितक्या वेळा मास्तर नुसते बोटाने टेबलावर ठोकत. काजं-बटणं करणारी बायको तेवढ्यावरून समजून जाई. कोट अंगात चढला की माणूस आरशात सरळ दिसे. "देवाची दुरुस्ती इथं होते," असे शेजारचा घड्याळवाला म्हणायचा.

मग मास्तरांनाच पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. दुकानाला कुलूप लागले. अपंगत्वाचा भत्ता मंजूर झाला तर दुकानाचे भाडे निघणार होते. नाही झाला, तर दोन्ही मशिनं घड्याळवाल्याच्या मेहुण्याला विकायची ठरली होती. तपासणीचे बोलावणे आले, तसा मास्तरांनी खुर्चीत बसून, ओरडून ओरडून, बायकोकडून कोट शिवून घेतला. उजव्या खांद्यात जादा पॅड, मनगट घट्ट धरणारा खिसा. फरफटणारे पाऊल झाकायला पँटही लांब केली. "चारचौघांत जायचंय," ते म्हणाले. चारचौघे नेमके काय बघायला बोलावताहेत, हे दोघांच्याही डोक्यात आले नाही.

डॉक्टरबाईंनी अर्जावर पेन टेकवले. "काका, काकूंचा हात धरून छान चालत आलात. खिशात हात घालून ऐटीत उभेही आहात. अपंगत्वाचे टक्के कमीच भरतील. एवढ्यावर भत्ता नाही मिळत."

"अहो, बोला ना," बायको कुजबुजली. "मशिनं जातील."

मास्तरांनी डावा हात टेबलावर ठेवला आणि बोटाने ठोकले. टक्. टक्.

डॉक्टरबाईंनी चमकून वर पाहिले.

"त्यांना काय कळणार ते!" बायको म्हणाली. "जन्मभर लोकांचं झाकलंत. आता स्वतःचं तोंडानं सांगा."

मास्तरांनी टेबलावरचा हात उचलला. मग म्हणाले, "काढ कोट."

बायकोने खिशाची टीप दातांनी तोडली. कोट उतरला, तसा खांदाही उतरला.

"लिहा, बाई," गळ्यात टेप असल्यासारखी मान ताठ करत मास्तर म्हणाले. "उजवा खांदा, दोन बोटं खाली. कोपर, पुरतं वळत नाही. पंजा, सुई धरत नाही, कात्रीचं तर नावच नको. पाऊल घासतं. बुटाचं टोक बघा, उंदरानं खाल्ल्यासारखं झालंय. शर्टाची बटणं..." आवाज खाली आला. "बटणं ही लावते."

डॉक्टरबाईंनी उठून स्वतः खांदा चाचपला, कोपर वाकवून पाहिले. मग त्यांना आधाराशिवाय चालायला लावले. दुसऱ्याच पावलाला मास्तर कलले. दोन्ही बाजूंनी दोन बायकांनी त्यांना सावरले.

"बसतंय का मापात?" धापा टाकत त्यांनी विचारले.

"बसतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सही केली. "पुढच्या वेळी साध्या शर्टात या. कोट फार चांगला शिवलात हो, मी फसलेच होते."

"हिनं शिवलाय," मास्तर म्हणाले.

भत्ता सुरू झाला, त्या आठवड्यात दुकान उघडले. मशिनवर आता बायको बसली. पहिले काम मास्तरांच्याच शर्टाचे होते, बटणांऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी लावलेल्या, त्यांना एकट्याला घालता येईल अशा. मास्तरांनी डाव्या हातात खडू घेतला.

"खांद्यात पॅड घालायचं?" तिने विचारले.

"नको. आहे तसाच काप."

खडूची रेघ थरथरत, किंचित उतरत गेली. बायकोने कात्री त्या रेघेवरूनच चालवली.